शेवटचे जहाज मी फोडले नाही

आमच्या नात्यागोत्यात हल्ली एक गोष्ट चवीने सांगितली जाते: मेहकरच्या म्हाताऱ्याने मरणाच्या दारातल्या सख्ख्या भावालाही खेळात सोडले नाही. तो म्हातारा मी. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. चुकीची मांडणी मला सहन होत नाही, आणि ही मांडणी चुकीची आहे.

धाकटा भाऊ नांदुऱ्याला धान्याच्या व्यापारात होता. दोघेही कामातून मोकळे झाल्यावर आम्ही मोबाइलवर अंतराळयुद्धाचा एक खेळ सुरू केला. ग्रह जिंकायचे, जहाजे बांधायची, रोज प्रत्येकाची एकच चाल. भावाची रीत सरळ होती: माझे जहाज दिसले की तोफा डागून त्याचा चुरा. मी मात्र आधी इंजिने निकामी करीत असे, मग सैनिक उतरवून जहाज धरीत असे. त्यात माझे सैनिक अधिक मरत आणि वेळही अधिक जाई. नातेवाईक याला माझा लोभ म्हणतात. साफ खोटे.

आमच्या शेतात परके जनावर शिरले तर त्याला काठी लावायची नाही, हा वडिलांचा दंडक होता. ते हाकत नेऊन गावच्या कोंडवाड्यात बांधायचे. मालक शोधत येई, दोन शब्द ऐकून घेई, ओसरीवर चहा पिई आणि जनावर सोडवून नेई. वडील म्हणत, "ढोर कोंडलं का मालक येतेच." मी खेळात दुसरे काय करीत होतो? धरलेले जहाज एखादा ग्रह देऊन सोडवता येई, आणि त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन हमखास येई.

"दादा, तू लढाई करून राह्यला का ढोरं वळून राह्यला?"

"तुले जहाज पाह्यजे का नाही, ते सांग."

"पाह्यजे ना! पण तो खडकाचा ग्रह देतो. पाण्याचा मागू नको."

"खडक ठेव तुह्या डोक्यात. तिथं जागा हाये."

फोडलेल्या जहाजासाठी कोणी फोन करीत नाही. हे ज्यांना उमगत नाही त्यांनी माझ्या खेळाविषयी बोलू नये.

मग भावाला यकृताचे दुखणे जडले. मी नांदुऱ्याला गेलो त्या दुपारी त्याचे एकच जहाज उरले होते. त्याची इंजिने मी आदल्या दिवशीच मोडली होती आणि चाल माझी होती. भाऊ अंथरुणावर होता. उशाशी त्याची बायको बसली होती.

"दादा, फोडून टाक ते," तो म्हणाला. "पकडू नको."

"काऊन?"

"सोडवाले कोन येईन आता? संपव ना एकदाचं. मले संपलेलं पाहू दे."

मी ऐकले नाही. सैनिक उतरवले. जहाजाचा रंग पालटून माझा झाला, तेव्हा मोबाइल त्याच्यापुढे धरून म्हणालो, "धरलं. उद्या सोडवून ने."

दुसऱ्या दिवशी त्याची शुद्ध हरपली. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मला जय नको होता. मला तो उद्याचा दिवस हवा होता. तेराव्याला मंडळी कुजबुजू लागली, तेव्हा मी सर्वांसमोर सांगितले की भावाला माझे म्हणणे कळले होते, जहाज धरल्यावर तो हसला होता. माझ्यापुढे कधी आवाज न चढवणारी त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून बोलली, "नाही दादा. हासले नाही ते. भिंतीकडं तोंड केलं त्यायनं."

"तू उशाशी होती," मी म्हणालो. "तुले तोंड कसं दिसन? समोर मी होतो."

पंगत मांडायची होती; माणसे उठली.

वाद मी जिंकला, असे त्या दिवशी मला वाटले. समोर मी होतो, हे खरेच आहे. पण जहाजाचा रंग पालटत होता तेवढा वेळ माझी नजर पडद्यावर होती. वर पाहिले तेव्हा मला त्याची पाठ दिसली.