आप्पाचा झाडाखालचा पाऊस

माझा थोरला भाऊ आप्पा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लोणखेड्याच्या वसतिगृहाच्या कोठीत आठवड्याच्या किराण्याची यादी तपासत होते. फोनवर त्याचा मुलगा सुनील होता. ‘‘आत्या, आप्पा गयात. लवकर ये.’’ मी यादी पूर्ण केली, सही करून किल्ल्या दिल्या आणि माहेरी, कोरीटला निघाले. बसमध्येच वहीचं पान उलटून दुसरी यादी सुरू केली: कुणाला कळवायचं, भांडी कुठून आणायची, गंधमुक्तीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या जेवणाला काय काय लागेल... माझे हात असेच चालतात. या वेळी त्यांनी जे लिहिलं, त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

आप्पाच्या कापसाच्या वावराच्या बांधावर अकरा झाडं होती. कडुनिंब जास्त, दोन अंजन, बाकी बाभळी. आजूबाजूचे सगळे बांध उघडे झाले तरी त्यानं एक फांदी तोडू दिली नाही. शेजारचे काका येता-जाता टोमणा मारत, ‘‘आप्पा, तू कापूस पेरस का सावली पेरस?’’ आप्पाचं उत्तर ठरलेलं असे. ‘‘काका, तुम्हना वावरमा नुसता पाऊस पडस. मन्हा वावरमा तो पानं धुईसन येस.’’ लोक हसत. मीही हसायचे.

त्याला मात्र ते सिद्ध करायचं होतं. पावसाळ्यात तो तेलाचे रिकामे डबे, तोंडाला जाळी बांधून, काही झाडांखाली आणि एक उघड्यावर ठेवी. झाडाखालच्या डब्यात पाणी कमी भरे, पण त्याचा रंग फिक्या चहासारखा असे. उघड्यावरचं पाणी काचेसारखं. मुळं खोलातून जे वर ओढतात ते पानांत साठतं, पाऊस त्यातलं पालाश, म्हणजे पोटॅश, धुऊन खाली आणतो, पानांवरची धूळ आणि पाखरांची विष्ठाही आणतो, आणि कापसाच्या मुळांना ते वरच्या वर मिळतं, असं तो समजावून सांगे. झाडांलगतच्या दोन ओळी खुज्या राहतात हेही तो लपवत नसे. ‘‘दोन ओळी झाडन्या, बाकीन्या आपल्या,’’ म्हणे. एकदा त्यानं ते पाणी बाटल्यांत भरून सरकारी प्रयोगशाळेत तपासायला नेलं, तर खिडकीतल्या माणसानं विचारलं, विहिरीचं पाणी की बोअरचं? तिसरा रकाना त्यांच्या अर्जात नव्हता. शेवटी ओळखीच्या एका प्राध्यापकांनी तपासून दिलं. झाडाखालच्या पाण्यात पालाश खरंच जास्त निघालं. आप्पानं तो कागद घडी करून खिशात ठेवला. काकांना दाखवायलासुद्धा गेला नाही.

एका राखीला मी गेले तर ते डबे मला गढूळ दिसले. डास होतील म्हणून सगळे ओतले, राखेनं घासले आणि पालथे घातले. आप्पा वावरातून आला, बघत उभा राहिला. ‘‘बाई, तू मन्हं आठ दिनन्हं काम घासी टाकं...’’ आणि मग हसून, ‘‘पन डबा मस्त चमकी ऱ्हायनात!’’ एवढंच. तेव्हा चिडला असता तर बरं झालं असतं.

आता बसमधल्या त्या यादीचं सांगते. त्यात सातव्या क्रमांकावर मी लिहिलं होतं, ‘सरपण.’ कुठून आणायचं ते न लिहिताच यादी सुनीलच्या हातात दिली. दहाव्या दिवशी ओसरीवर पत्रावळी मोजत असताना कटरचा आवाज आला. मी पोचेपर्यंत सात झाडं आडवी होती. सुनील म्हणाला, ‘‘आत्या, तूच लिखेल व्हतं ना, सरपण म्हनीसन! नाहीतरी ट्रॅक्टर फिरत नही तठे.’’ ज्या माणसानं आयुष्यभर झाडं राखली, त्याच्या गंधमुक्तीचा वरण-भात त्याच झाडांवर शिजला. तोही धड नाही. ओलं लाकूड धुमसत राहिलं, मांडवभर धूर झाला, सगळ्यांचे डोळे पाणावले. पंगतीत कुणीतरी म्हणालं, ‘‘आप्पावर गावाचा जीव होता.’’ माझा हात वाढता वाढता थांबला. यादीतलं अक्षर माझं होतं.

जेवणं उरकल्यावर सुनीलनं साडी-चोळी आणि एक कागद पुढे ठेवला. हक्कसोड. माहेरच्या जमिनीतला वाटा बहिणीनं सोडून द्यायचा, ही आमच्याकडची रीत. जमीन आमच्या वडिलांची, सातबाऱ्यावर माझंही नाव. आप्पानं माझी सही कधी मागितली नव्हती. मी विचारलं, ‘‘उरलेल्या चार झाडांचं काय?’’

‘‘दिवाळी झाली की तीबी काढसूत. आत्या, तू लोणखेडाले ऱ्हास, तुले काय?’’

साडी मी बाजूला सारली. कागद घडी करून पिशवीत टाकला. आणि इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून कोठीतली नाही, घरची भाषा निघाली. ‘‘ती चार झाडं उभी ऱ्हातीन तोपर्यंत मी तुन्ही आत्या. कटर लावशी, त वाटेकरी.’’

त्यानंतर त्यानं मला फोन केलेला नाही. मी दर रविवारी बसनं कोरीटला जाते, बांधावरून एकदा चालते, झाडं मोजते. चार आहेत. सही केलेली नाही.