दाराशी ठेवलेलं पाणी

चौथीनंतर शाळा सुटली आणि आमगावकडचं धानाचं शेत सोडून मी नागपूरला रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनं पुसायला लागलो. तिथं मुदतीच्या तापानं आडवा झालो, तेव्हा आमच्या ख्रिस्ती मिस्त्रीनं मला आपल्या खोलीत ठेवून चमच्यानं पेज पाजली. ते उपकार फिटायचे नाहीत. मी बरा झाल्यावर तो म्हणाला, "तेरे वास्ते चर्च में मोमबत्ती की मन्नत बोला था. तू नहीं आयेगा तो कैसा?"

बिशपच्या मोठ्या चर्चला जायला नाही म्हणवेना. पण गावात कळलं तर पंगतीला कोण बसवणार? धीर म्हणून शेडमधल्या एका गाववाल्याला सोबत घेतलं.

दाराशी दगडी वाटग्यात पाणी होतं. मला वाटलं तीर्थ. तळहातावर घेऊन प्यालो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. कोमट, जरासं खारट. मागे वळून बघतो तर एका म्हाताऱ्यानं आत्ताच शिंकरलेल्या नाकाची बोटं त्यात बुडवून कपाळाला लावली. त्याच्यामागून एका बाईनं पोराची चिकट बोटं बुडवली.

गाववाला खिदळला. "काऊन बे, पेलास का? झालास किरिस्ताव!"

"पीने का नहीं रे, बाबा," मिस्त्री हळूच म्हणाला.

आत देवापुढं सगळे पायांतल्या जोड्यांसकट बसलेले. धुपाचा धूर, लोकरी कोटांचा घाम, वितळतं मेण. वर पाहिलं तर कमानी इतक्या उंच, की मान दुखली. मिस्त्री माझ्यासाठी गुडघ्यांवर बसून डोळे पुसत होता आणि मी तोंडात साठलेली थुंकी धरून उभा. तिथं थुंकता येईना, गिळवेना.

सणाला घरी गेलो, तर गाववाल्यानं आधीच डंका पिटलेला. जातीच्या पंचांनी ठरवलं, शुद्धी करा. शेण-गोमूत्र कालवलेला द्रोण पुढं आला. बाप मान खाली घालून बसला होता. मी डोळे मिटून घोट घेतला. तेही कोमट, तेही खारट. पण पंगतीत जागा मिळाली.

आई वाढायला आली. माझ्या पत्रावळीवर तिनं वरण हातभर उंचावरून सोडलं. पळी पानाला लागू नये म्हणून. शिंतोडे छातीवर उडाले. मिस्त्रीचा चमचा माझ्या ओठाला टेकत असे.

"काऊन गा, जेवून नाही राहिलास?" आईनं विचारलं.

"पोट भरलं," मी म्हटलं, आणि पानावरून उठलो.