मुक्ताईच्या वाटेवर तापलेली मोटर

देवाला मी मानत नव्हतो असं नाही, पण माझा खरा भरवसा पान्या-पक्कडीवर. तापीवरच्या धरणाच्या फुगवट्यात मी नाव चालवायचो. नावेच्या मागच्या टोकाला अडकवलेली जुनी मोटर, तिचा पंखा पाण्यात, आणि पेट्रोलची लोखंडी टाकी माझ्या पायाशी. नव्वद साल उजाडायच्या आसपास आमच्याकडे वल्ह्यांच्याच नावा फार, त्यामुळे या मोटरीचा मला भारी तोरा होता. त्या हिवाळ्यात तिनं तो पुरता उतरवला. निघताना छान चालायची, अर्ध्या पाण्यात चांगली तापली की खोकायची आणि बंद. थोडा वेळ बसून राहिलं की दोरीच्या एका ओढीत पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. मी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, भुसावळहून कॉइल आणून घातली. मोटर थंड ठेवणारी पाण्याची धार तर नीट पडत होती. तरी रोग हाती लागेना. तापते म्हणून बंद पडते, याच्यापुढे माझी अक्कल जात नव्हती.

त्याच हिवाळ्याच्या तोंडावर माझी वहिनी मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. लग्न होऊन आल्यापासून महाशिवरात्रीला मुक्ताईची यात्रा तिनं कधी चुकवली नव्हती. आता ती ओसरीवरच्या खाटेला खिळली. देव्हाऱ्यापर्यंत जाता येईना, म्हणून तिनं रोजची पूजा हाताला लागेल त्याची सुरू केली. माझी पेट्रोलची टाकी रात्री तिच्या खाटेशेजारी असायची. सकाळी त्या टाकीच्या झाकणाला तेलात कालवलेलं कुंकू लावल्याशिवाय ती मला ती उचलू द्यायची नाही. मी चिडवायचो, "वहिनी, पेट्रोल भर म्हणजे पावेल ती." ती हसून अजून एक बोट लावायची.

यात्रा जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "मले नावेतून ने रे. एसटी खड्ड्यात आदयते, पाणी आदयत नाही. पुढच्या साली मी हाये का नाही, कोनाले ठाऊक." दादा माझ्याकडे बघायला लागला. मोटरीचं दुखणं त्याला माहीत होतं. तरी मी हो म्हणालो.

यात्रेच्या दिवशी नावेत गादी टाकून तिला निजवलं. दादा छत्री धरून बसला. धुळ्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई यात्रेला निघाल्या होत्या, घाटावर जागा मागितली म्हणून त्यांनाही घेतलं. संगमाच्या अलीकडे, दोन्ही काठ सारखेच लांब असताना, मोटर खोकली आणि बंद पडली.

त्या दिवशी बसून राहण्याचाही उपयोग झाला नाही. सुरू व्हायची, चार श्वास घ्यायची, परत बंद. ऊन डोक्यावर आलं. वाऱ्यानं नाव आडवी होऊन हेलकावे घ्यायला लागली आणि प्रत्येक हेलकाव्याला वहिनी ओठ चावत होती. दादा वल्हं मारत होता, पण भरल्या नावेला वारा पुढे सरकू देईना. मी तापलेला प्लग काढताना बोटं भाजून घेतली. तो कोरडा ठक्क निघाला, आणि मला त्याचा अर्थसुद्धा लावता आला नाही. रडू येत होतं. शेवटी प्लग परत बसवून पाना खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणालो, "मुक्ताई, आता तूच बघ."

त्या म्हाताऱ्या बाई मात्र वहिनीकडे बघत होत्या. घामानं तिचं कुंकू ओघळून गेलं होतं. "सवाशीन बाईनं कपाय असं मोकयं बरं नही दिसस," त्या म्हणाल्या. करंडा कुणाकडेच नव्हता. त्यांची नजर टाकीवर गेली. "आठे तर इतलं कुकू शे!" असं म्हणत त्यांनी झाकणावरचा महिन्यांचा वाळलेला थर नखानं खरवडला. स्स... असा बारीक आवाज झाला, टाकीनं श्वास आत ओढल्यासारखा. त्यांनी वहिनीच्या कपाळावर बोट टेकवलं आणि मला म्हणाल्या, "घाबरू नको भाऊ, बठ्ठं नीट व्हई जाई."

मी दोरी ओढली. मोटर सुरू झाली आणि पैलतीर येईपर्यंत खोकलीसुद्धा नाही.

झाकणावर हवा आत यायला एक बारीक भोक असतं. पेट्रोल जितकं बाहेर जाईल तितकी हवा आत यावी लागते, नाहीतर पेट्रोल पुढे येत नाही आणि मोटर उपाशी मरते; प्लग कोरडा निघाला तो म्हणूनच. वहिनीच्या कुंकवानं ते भोक बुजत गेलं होतं. तापण्याशी काही संबंधच नव्हता, थांबलो की फटीतून थोडी हवा झिरपायची इतकंच. एवढं मला समजलं. पण मी हात टेकल्यावरच त्या बाईंचं नख नेमकं तिथं का गेलं, हे मला समजलेलं नाही, आणि मी ते कुणाला समजावतही नाही.

वहिनीला उचलून देवळात नेलं. तिनं डोळे भरून मुक्ताईला पाहिलं, आणि मी तिला. बाहेर आलो तोवर त्या बाई यात्रेच्या गर्दीत निघून गेल्या होत्या, आभार मानायचे राहिले.

कुंकवाचा दोष मी वहिनीला कधी सांगितला नाही. दुसऱ्या सकाळी तिनं झाकणाकडे बोट नेलं, तेव्हा हलकेच ते बाजूला सरकवलं. "इथं लाव वहिनी, इथं जास्त शोभतं."

"तुले कधीपासून शोभा कयाले लागली रे?" ती हसत सुटली.

पुढची यात्रा तिला लाभली नाही. आता सकाळी टाकी उचलण्याआधी झाकणावरचं भोक मोकळं आहे ना ते बघतो. मग तेलात कुंकू कालवतो आणि तिनं लावायचं त्या जागी, भोकाच्या बाजूला, एक बोट लावतो. पाना त्यानंतर हातात घेतो.