टॉवेलखालचं पान

रेखा, ये, अशी माझ्याजवळ बस. तू पुण्यात आणि मी बदनापुरात, पण हे वाचताना जवळ बसल्यासारखीच वाच, कारण मी थोडी रागावणार आहे. दवाखान्यात नंबर लावायचं इंटरनेटवरचं पान तू बनवलंस आणि मला त्याचा फोटो पाठवलास. बाळा, पानाचा फोटो पाठवतात का? वर लिहिलंस, "मावशी, किती सुंदर दिसतं बघ." दिसतं ना. पण हे वाक्य आमच्या टॉवेल सरांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी तुला जिन्यात उभं केलं असतं. मला केलं होतं, बावन्नाव्या वर्षी.

सर जन्मापासून आंधळे. कुणी अदबीनं 'दृष्टिहीन' म्हणालं तर म्हणत, "आंधळा म्हणा, लवकर बोलून होतं." स्टेशनच्या मागं पिठाच्या गिरणीवर त्यांची खोली होती. आंधळ्या माणसालाही वापरता येतील अशी पानं आणि ॲपं कशी बनवायची, ते तिथं शिकवायचे. खांद्यावर कायम लाल काठाचा टॉवेल. आपण "सर, झालं" म्हटलं की उठायचे, सरळ आपल्या टेबलापाशी यायचे, तो टॉवेल पडद्यावर टाकायचे आणि माउस काढून खिशात घालायचे. "हां, आता वापरा." मग उरायचा नुसता कीबोर्ड, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा संगणकाचा तो सपाट आवाज.

मी ब्लाउज शिवणारी बाई. मोबाइलवर बघून बघून पानं बनवायला शिकले, आणि एका रोपवाटिकेचं पान घेऊन मोठ्या तोऱ्यात सरांकडं गेले. टॉवेल पडला. आवाज म्हणाला, "बटन. बटन. बटन." कुठलं बटन कशाचं, काही कळेना, कारण मी त्यांना नावंच दिली नव्हती, नुसती चित्रं चिकटवली होती. सर म्हणाले, "बाई, शिवण उलट्या बाजूनं बघता ना? मंग ह्याची उलटी बाजू कोण बघणार? जा, जिन्यात उभ्या राहा आन् विचार करा." पोरं हसली. मी उभी राहिले.

जीभ फार वाईट होती त्यांची, खोटं कशाला सांगू. एका पोरीनं अर्जावर लिहिलं होतं, 'लाल चौकटी भरणं सक्तीचं आहे.' सर म्हणाले, "लाल म्हंजी काय, सांग मला." ती बिचारी म्हणाली, "टमाट्यासारखं, सर." "टमाटा आंबट असतोय. ह्यातल्या आंबट चौकटी कोणत्या, हात लावून दाखव." पोर रडायला लागली. तर म्हणतात कसे, "रडून झालं की चौकटीच्या नावापुढं 'आवश्यक' लिही." ती दुसऱ्या दिवशी आली नाही. सरांनी चौकशीही केली नाही.

एक नेम मात्र त्यांचा कधी मोडला नाही. स्वतःचा अर्ज ते दुसऱ्याच्या हातानं भरत नसत. बहीण म्हणायची, दादा, सांग ना, मी भरते. "दुसऱ्यानं भरला तर तो दुसऱ्याचाच अर्ज," असं म्हणून ते बोटांनी चाचपत बसायचे आणि भरूनच उठायचे.

आता ऐक. जालन्यात एक संस्था होती. तिथं आंधळ्या मुलांना संगणक शिकवायची कायमची जागा निघाली. सर पंधरा वर्षं त्या जागेची वाट बघत होते. तिथंच वर्षावर्षाच्या बोलीवर शिकवायचं आणि पुढच्या वर्षी बोलावतील का म्हणून बसायचं, ह्याला ते विटले होते. अर्ज फक्त संगणकावरूनच घेणार होते आणि त्या अर्जाचं पान बनवायचं काम मिळालं मला. सरांची विद्यार्थिनी म्हणूनच मिळालं.

मी ते पान टॉवेल टाकून दहा वेळा तपासलं. सगळं बरोबर बोलत होतं. मग शेवटच्या दुपारी तिथले कारकून म्हणाले, "ताई, जन्मतारखेला ते छान कॅलेंडर उघडतं तसलं टाका की. शोभून दिसतं." मी टाकलं. दिसायला खरंच गोड होतं. टॉवेल काही मी पुन्हा टाकला नाही. एवढ्याशा चौकटीला काय टाकायचा, म्हटलं.

ते कॅलेंडर माउसनंच उघडायचं आणि चौकटीत हातानं काही लिहू द्यायचं नाही.

मुदत संपल्यावर सरांनी मला बोलावलं. मला वाटलं, अर्ज भरला असेल, शाबासकी देणार. वर्ग भरलेला होता. मी बनवलेलंच पान त्यांनी माझ्यापुढं उघडलं, टॉवेल टाकला, माउस खिशात घातला. "भरा, बाई."

नाव भरलं. पत्ता भरला. मग आवाज म्हणाला, "जन्मतारीख." मी आकडे दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. खालून गिरणीची घरघर येत होती. आधी दोनतीन पोरं हसली, मग कुणी हसेना.

"सर, चुकलं माझं."

"भरा."

"भरता येत न्हाई, सर."

"मी दोन दिवस भरून राह्यलो होतो," सर म्हणाले. "तुमच्या पानावर माझा जन्मच झाला न्हाई, बाई."

मी म्हटलं, "एक फोन करायचा होता ना. मी पळत आले असते."

"दरवेळी सुताराला हाक मारायची, तर मंग दार कशाला बसवायचं?"

तास संपेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

ती चौकट मी घरी जाऊन दुरुस्त केली. दहा मिनिटं लागली, रेखा. कारकुनांना फोन केला तर म्हणाले, "आता कशाला, ताई? मुदत तर गेली." जागेवर माणूस घेतला. डोळस होता. पुढच्या वर्षी सरांना बोलावणं आलंच नाही आणि गिरणीवरची खोलीही सुटली. बहीण त्यांना हसनाबादला घेऊन गेली. सामान भरताना टॉवेल खिडकीत राहिला होता. त्यांनी मला दिला नाही हं, मीच उचलला.

हसनाबादला मी सहा वेळा गेले. पायरीवर माझी चप्पल वाजली की आतून विचारायचे, "भरली का जन्मतारीख?" सहाही वेळा. मी म्हणायची, "भरली, सर." ते म्हणायचे, "बसा." चहा यायचा. मी बनवलेलं नवं पान ते कान देऊन ऐकायचे, चुका काढायचे आणि चांगलं काही असेल तर गप्प राहायचे. सातव्यांदा गेले ती त्यांच्या तेराव्याला. पायरीवर चप्पल वाजली, आतून कुणी काही विचारलं नाही. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि माफी मागायचं तोंड मला नव्हतं.

तुझ्या पानाच्या फोटोत तारखेपाशी एक छोटं कॅलेंडर दिसलं मला. फार गोड आहे. दवाखाना सुरू व्हायच्या आत ये, बाळा. येत्या रविवारीच ये. फोटो नको, पान घेऊन ये. टॉवेल धुऊन ठेवलाय.