देवीचा घाव

वाशीजवळच्या जुन्या दगडी देवळात एक वयस्कर गुरव असत. मूर्ती दाखवताना ते बोट नाही, अख्खा पंजा पुढं करत आणि आवाज खाली आणत. नाक फुटलेल्या देवीपाशी थांबून सांगत, "गावावरचा घाव हिनं सोसलाय, असं जुनी माणसं म्हणायची."

गेल्या वर्षी गावकऱ्यांनी सिमेंटचं नाक बसवायला गवंडी आणला. गुरव मूर्तीपुढं उभे राहिले. "घाव बुजवला तर हिनं काय सोसलं, हे कुणाला कळंल?"

गवंडी निघून गेला. गावकऱ्यांनी चिडून पूजा दुसऱ्याकडं दिली. तरी गुरव रोज येऊन बाहेर पायरीवर बसतात.

"वाईट वाटतं का?" मी एकदा विचारलं.

"वाटतं की," ते म्हणाले आणि सरकून मला जागा दिली.