दोन आठवड्यांचा नियम

सुजाताताई परब पुस्तकातली कुठलीही गोष्ट नुसती पाठ करत नसे. तिला ती एखाद्या माणसाला चिकटवावी लागे. मुलुंडच्या अभ्यासिकेत आम्ही दोघी दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करत होतो. माझा दुसरा प्रयत्न होता, तिचा पाचवा. मी याद्या घोकत बसले की ती वही ओढून घेई. "यादी विसरशील गं. पेशंट विसरणार नाहीस."

सकाळी ती साकीनाक्याच्या एका दवाखान्यात दुसऱ्याच्या हाताखाली काम करी आणि दुपारी अभ्यासिकेत येई. एकदा शेजारच्या कारखान्यातला कामगार मशिनवर आपटला आणि त्याचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. ताईने तो मुळाला हात न लावता उचलला, चहावाल्याकडच्या थंड दुधात टाकला आणि लगेच परत बसवला. दात टिकला. त्या वर्षीच्या परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला होता. त्याचं उत्तर बरोबर आलं, पण निकालात तिचं नाव नव्हतं. "माझे पेशंट पास होतात, मीच राहते," असं ती हसत म्हणायची. पुढे पुढे ते हसू कमी होत गेलं.

कांजूरमार्गच्या खोलीत तिचे आईवडील तिच्यासोबत राहत. वडील मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी अंधेरीत वॉचमनची नोकरी करून तिला डॉक्टर केलं होतं. परीक्षेला दीड महिना असताना ते म्हणाले, कवळी टोचते. ताईने घरीच कवळीची कड घासून दिली. अभ्यासाची घाई होती. नंतर ते भाकरी सोडून पेजेवर आले, तर तिला वाटलं, वय झालंय.

परीक्षा दोन आठवड्यांवर आली तेव्हा आम्ही एकमेकींना प्रश्न विचारत होतो. मी वहीतून वाचलं, "कवळीमुळे जिभेला व्रण झाला तर काय करायचं?"

"टोचणारी कड काढायची. दोन आठवडे थांबायचं. तरी भरला नाही तर तुकडा तपासायला..." ती थांबली. मला वाटलं, पुढचं आठवत नाही, म्हणून मी सांगून टाकलं, "पाठवायचा, कॅन्सर असू शकतो." तिने पर्स उचलली आणि वह्या तिथेच सोडून गेली.

घरी जाऊन तिने वडिलांना तोंड उघडायला लावलं. जिभेच्या कडेला व्रण होता आणि मानेत कडक गाठ. कधीपासून दुखतंय, असं तिने विचारलं. ते म्हणाले, "माका काय्येक झालेला नाय. तुझी परीक्षा होऊंदे आधी."

त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली. वडील बोलेनासे झाले आणि पावसाळ्याआधी गेले. त्याच सुमारास मला प्रवेश मिळाला. मी चाचरत फोन केला, तर तिने मनापासून अभिनंदन केलं आणि मला कुठली पुस्तकं लागतील तेही सांगितलं.

वर्षभराने अंधेरीत तिच्या ऑफिसखाली भेटलो. तिने प्रॅक्टिस सोडली होती. विमा कंपनीत दाताच्या बिलांची कागदपत्रं तपासायचं काम करत होती. मी म्हटलं, "ताई, एकदा बस ना परत. तुला तर सगळं येतं."

"येतं गं," ती म्हणाली. "सगळं येत होतं तेव्हाच बाबा माझ्यासमोर बसून पेज पीत होते."

मी विचारलं, इथे करमतं का?

"बरं आहे. इथे कुणाचं तोंड उघडून बघावं लागत नाही."

तिची जेवणाची सुट्टी संपली होती. तिने डबा बंद केला, ओळखपत्र गळ्यात नीट केलं आणि लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली.