मोहरील मास्तरांचं फुली-गोळ्याचं यंत्र

कमलाकांत मोहरील अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. हुद्दा सहायकाचा, पण अंबापेठेत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. पेठेत कोणाला रेडिओ घ्यायचा असो, शिलाई मशीन घ्यायचं असो की छताचा पंखा, माणूस आधी मास्तरांकडे येई. मास्तर मत देत, आणि ते पुरतं ऐकेपर्यंत येणाऱ्याचा चहा निवून जाई. कारण यंत्राच्या गुणांपासून त्यांची सुरुवात कधीच होत नसे.

"बिघडेल कुठून, ते आधी पाहा," ते म्हणत. "व्हॉल्व्हचा रेडिओ बरा. तापायला वेळ घेतो, पण मरायच्या आधी महिनाभर कुरकुरतो, आपल्याला कळतं तरी. हे नवे ट्रान्झिस्टर हातात मावतात, कबूल. पण ते जातात तेव्हा न सांगता जातात."

त्यांचा स्वभावच धास्तावलेला होता. आभाळ जरा भरून आलं की ते रेडिओची एरियल काढून ठेवत. प्रयोगशाळेला कुलूप लावून घरी निघाले की अर्ध्या वाटेवरून परत जाऊन कुलूप ओढून पाहत. बायको रमाबाई मूर्तिजापूरकडच्या, मोकळ्या तोंडाच्या. त्या म्हणत, "तुम्हाला काळजी करायला काही मिळालं नाही, की त्याचीच काळजी करत बसता."

एकसष्ट साली कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात मुंबईच्या गणकयंत्रावरचा लेख मास्तरांच्या हाती लागला. यंत्र खोलीएवढं होतं आणि क्षणात आकडेमोड करत होतं, याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. ते अडले एका वाक्यापाशी. हेच यंत्र, त्याला द्यायच्या सूचना बदलल्या की, आज पुलाचं गणित करतं आणि उद्या पावसाचं. मास्तरांनी ते वाक्य तीनदा वाचलं. शिलाई मशीन शिवतं, पिंजणयंत्र कापूस पिंजतं, जन्मभर तेवढंच. आणि इथे यंत्र तेच, सांगणं वेगळं. त्या दिवसापासून भेटेल त्याला ते हेच ऐकवू लागले. "लोखंडाला अक्कल नसते हो. अक्कल सांगण्यात असते." ऐकणारे माना डोलवत आणि भाजीचा भाव विचारत.

आपल्या हातानं असं एखादं लहानसं यंत्र करून पाहावं, हे मग त्यांच्या मनात घर करून बसलं. चौसष्टच्या उन्हाळ्यात लग्नासाठी अकोल्याला गेले असताना स्टेशनाकडच्या गल्लीत ओमप्रकाश भंगारवाल्याच्या दुकानात त्यांना एक लाकडी पेटी दिसली. टेलिफोनच्या जुन्या सामानातले रिले होते त्यात. रिले म्हणजे विजेनं उघडझाप होणारा खटका. हाताऐवजी वीजच बटण दाबते म्हणा. पेटीत साठेक होते. ओमप्रकाशनं ते सरकारी लिलावात घेतले होते आणि तांब्याच्या तारेसाठी तो ते फोडणार होता. मास्तरांनी पेटीच उचलली. लग्नाच्या गडबडीत पावती घ्यायचं राहून गेलं. कुलूप तीनदा ओढणारा माणूस, पण आनंदात विसरला.

पुढचं वर्षभर बाहेरच्या खोलीतलं मेज त्या कामानं अडलं. मास्तरांनी ठरवलं होतं की यंत्र फुली-गोळा खेळेल. नऊ घरं, नऊ बटणं, प्रत्येक घरात टॉर्चचे दोन बल्ब. तांबड्या कागदातला माणसाचा, हिरव्या कागदातला यंत्राचा. माणसानं बटण दाबलं की आतले रिले खटाखट पडत आणि यंत्र आपलं घर उजळून दाखवी. कुठल्या डावाला कोणतं उत्तर, याचे तक्ते मास्तरांनी कॉलेजच्या रद्द झालेल्या प्रयोगवह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर आखले होते. पासष्टच्या ऑगस्टमध्ये यंत्र पहिल्यांदा पुरा डाव खेळलं. रमाबाई खेळल्या आणि हरल्या. पुन्हा खेळल्या, बरोबरी झाली. दहा डाव झाले तरी त्यांना एकदाही जिंकता आलं नाही.

"मी शक्यच ठेवलेलं नाही ते," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी केलेल्या वस्तूत त्यांना खोट सापडत नव्हती.

आणि सप्टेंबरात लढाई पेटली.

गावात अफवांना ऊत आला. पलीकडचे हेर गावोगाव उतरलेत, त्यांच्याजवळ बिनतारी यंत्रं आहेत, असं जो तो एकमेकांना सांगू लागला. मोहरीलांच्या खिडकीतून वर्षभर खटखट ऐकू येत होती. आजवर कोणी तिकडे लक्ष दिलं नव्हतं, आता सगळ्यांनी दिलं. दूध घालायला येणारी जमुना रमाबाईंना म्हणाली, "बाई, लोक म्हनते मास्तरच्या घरी तार ठोकायची मशीन हाय." रमाबाईंनी हसून सोडून दिलं. मास्तरांनी त्या दिवशी जेवण अर्धं टाकलं.

चौथ्या दिवशी सकाळी ठाण्यावरचे सूर्यभान जमादार दारात उभे राहिले. उंच, पिकल्या मिशांचे, अकोटकडचे. बोलणं रोखठोक, पण आवाज चढवायची सवय नव्हती.

"मास्तर, अर्ज आला आहे. पाह्यनं भाग आहे मले."

मास्तरांनी आधी रेडिओचं लायसन काढून दाखवलं. जमादारांनी ते नीट वाचलं, परत दिलं आणि मेजाकडे पाहिलं. "हे काय होय?"

मास्तर लायसनची घडी घालत राहिले. रमाबाईच पुढे झाल्या. "बसा जमादार. फुली-गोळा येतो न तुम्हाला? मग खेळून पाहा." त्यांनी बटण लावून दिलं. सूर्यभान संशयानंच बसले आणि दोन डाव हरले. तिसरा बरोबरीत सुटल्यावर ते मागे सरकले.

"याले हरवताच येत नाई?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"मंग खेळ कायचा हा?" जमादार उठले. मेजाच्या मागच्या बाजूनं वाकून त्यांनी रिले पाहिले. प्रत्येकावर सरकारी छाप आणि नंबर होता. त्यांचा चेहरा बदलला. "मास्तर, हा माल सरकारी हाय. पावती?"

पावती नव्हती. परवा सकाळी ठाण्यावर कागद घेऊन या, असं सांगून सूर्यभान गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तर पहिल्या एस.टी.नं अकोल्याला निघाले. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा दोन शिपाई आत चढले, आणि ते तिकीट काढून मागे जाऊन बसेपर्यंत मास्तरांनी श्वास रोखून धरला. नोकरी जाईल का, कॉलेजात काय तोंड दाखवायचं, रमेला माहेरी पाठवावं लागेल का, असं एकामागून एक डोक्यात येत होतं. सगळ्यात वाईट म्हणजे मध्येच त्यांना वाटून जाई, सातव्या घराच्या रिलेचा डाग, म्हणजे तारेचा कथलाचा जोड, जरा सैल आहे, तो घट्ट करायचा राहिला.

ओमप्रकाशचं दुकान बंद होतं. शेजाऱ्यानं सांगितलं, खामगावला गेलाय, येईल संध्याकाळपर्यंत. मास्तर फळीवर बसून राहिले. साडेचारला ओमप्रकाश आला. सगळं ऐकून घेतल्यावर तो सावकाश म्हणाला, "मास्टरजी, गुन्हा तुम्ही नाही केला, मी नाही केला, तर भीती कसली?" त्यानं पत्र्याच्या डब्यातून लिलावाचा कागद शोधून काढला. त्यावर शिक्का होता, तारीख होती, आणि एक ओळ होती: जुने खटके, पेटी एक. त्याच्या खाली, ती पेटी मोहरील मास्तरांना विकली, असं लिहून त्यानं सही केली. मास्तरांनी कागद दोनदा वाचला. पेटीत खटके किती, ते कुठेच नव्हतं. परतीच्या गाडीत ते त्याच गोष्टीवर झुरत राहिले.

ठाण्यावर फौजदार नवे होते, साताऱ्याकडचे, तरणे. त्यांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. खटके किती ते त्यांनी विचारलंच नाही. मास्तरांना हायसं वाटलं. मग फौजदार म्हणाले, "माल चोरीचा नाही, ठीक. आता मला सांगा, हे यंत्र करतं काय?"

मास्तरांना एवढ्या आपुलकीनं असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते सांगू लागले. वीज कशी फिरते, रिले कसा पडतो, तक्ते कसे केले. भीती जरा मागे सरली आणि नेहमीचं वाक्य तोंडात आलं. "मौज अशी आहे साहेब, की यंत्र महत्त्वाचं नाहीच. सांगणं बदललं की हेच यंत्र दुसरं काम करील."

रमाबाई बाजूच्या बाकावर होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे बातमी पाठवायचं कामही करील?"

नाही म्हणायला किती सोपं होतं. पण यंत्राबद्दल खोटं बोलणं मास्तरांना जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी विचार केला, खरोखरच केला. "तसं तत्त्वतः... एखादा रिले तारेला जोडला, तर खटके मोजून... पण त्याला फार फरक करावे लागतील."

सूर्यभान जमादार भिंतीकडे पाहत राहिले.

"साहेब," रमाबाई म्हणाल्या, "यांना बातमी पाठवायची असती, तर ती त्यांनी तुम्हाला विचारून पाठवली असती."

फौजदारांच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी पंचनामा केलाच. मास्तरांना घरी जायची मोकळीक मिळाली, यंत्र मात्र परिस्थिती निवळेपर्यंत ठाण्यात राहील असं ठरलं. दुपारी हातगाडीवर घालून ते नेलं. मास्तर गाडीच्या मागे चालत होते, खड्डा आला की हात पुढे करत होते. अंबापेठेनं दारात उभं राहून हे पाहिलं.

दोन आठवड्यांत लढाई थांबली, पण यंत्र परत आलं नाही. कागद वर गेलेत, एवढंच उत्तर मिळे. पेठेत रेडिओबद्दल विचारायला येणारे लोक येईनासे झाले. कॉलेजात प्राचार्यांनी एकदा बोलावून, "मोहरील, आपण अशा भानगडीत..." एवढंच म्हणून वाक्य सोडून दिलं. ते वाक्य पुरं काय झालं असतं, यावर मास्तरांच्या कित्येक रात्री गेल्या. ठाण्याच्या कोठडीत ओल येत असेल, उंदीर तारा खात असतील, हे वेगळंच. रमाबाईंनी पहिल्यांदाच त्यांना काही म्हटलं नाही. त्या रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जाऊ लागल्या, आणि फिरणं रोज ठाण्यावरून जाई.

नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्यभान स्वतः घरी आले. दारातच म्हणाले, "मास्तर, मशीन सुटली. पन जरा चला. बिघडली असन तिकडं."

मास्तर चपला घालायलाही विसरले असते. ठाण्याच्या मागच्या खोलीत पाहतात तो यंत्र खिडकीपाशी मांडलेलं, पुसलेलं, वीज जोडलेली. भोवती चार शिपाई. बाईंनी बटण कसं लावलं ते जमादारांनी त्या दिवशी नीट पाहून ठेवलं होतं, आणि महिनाभर दुपारच्या वेळी सगळं ठाणं फुली-गोळा खेळत होतं.

"आधी कोनालेच जमत नव्हतं," सूर्यभान म्हणाले. "सगळे चिडले. मंग पंधरा दिवसांमागं मी जिंकलो. आता कोपऱ्यातून सुरू केलं का कधीकधी जिंकता येते. नेहमी नाई. काहून तसं होऊन राहिलं, ते पाहा."

मास्तरांनी मागची फळी काढली. सातव्या घराचा डाग निखळला होता. तार कधी टेकत होती, कधी नाही. एवढंच. कथील आणि तापलेली सळई असती तर दोन मिनिटांचं काम.

"डाव खेळून दाखवा बरं," ते म्हणाले.

एक शिपाई बसला. वरचा कोपरा, मग त्याखालचं घर, मग खालचा कोपरा. यंत्रानं घर अडवलं नाही. तिन्ही तांबडे दिवे ओळीत लागले आणि मागून कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. लगेच दुसरा बसला आणि हरला, आणि त्याला हसण्यात सगळ्यांत पुढे सूर्यभान होते.

मास्तर सैल तारेकडे पाहत राहिले. ती तशीच ठेवली तर उद्या पुरती तुटेल, दुसऱ्या तारेला लागेल, वीज उतरवून देणारा आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. काय काय होईल ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी फळी परत लावली. "बिघडलेलं नाही तसं," ते म्हणाले. पुढे आठ दिवस या वाक्यानं त्यांना झोप लागू दिली नाही.

घरी आणल्यावर त्यांनी डाग पक्का केला, पण आत एक जास्तीचा रिले बसवला, जो आपल्या मनानं मधूनच एक घर चुकवी. तो जमवायला त्यांना उरलेल्या यंत्राहून जास्त वेळ लागला. चुकायचं कधी, हे यंत्राला सांगणं सगळ्यांत अवघड, असं मत ते आता देऊ लागले. लोक पुन्हा विचारायला येऊ लागले होते. पहिला आलेला माणूस जमादारांनी पाठवला होता.

सदुसष्टच्या हिवाळ्यात अकोल्याच्या शेतकी प्रदर्शनात मास्तरांच्या कॉलेजनं आपल्या मंडपात ठेवायला यंत्र मागितलं. मास्तर तीन दिवस त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. वीज जाईल, मंडपाला आग लागेल, पोरं बटणं उपटतील, या धास्तीनं ते पाणी प्यायलाही उठत नव्हते. तिसऱ्या दिवशी अकोटकडच्या दुर्गाबाई म्हणून एक शेतकरीण आली. हातात बियाण्याची पिशवी, बरोबर कोणी नाही. तिनं खेळ समजून घेतला, पिशवी पायाशी ठेवली आणि दोन डाव हरली. तिसऱ्याला तिचे तीन तांबडे दिवे लागले. ती थोडा वेळ दिव्यांकडे बघत बसली.

"हे आता काय करन?" तिनं विचारलं.

"काही नाही. बटण दाबलं की पहिल्यापासून."

"रागावत नाई?"

"नाही बाई."

"चांगलं आहे," ती म्हणाली आणि चौथ्या डावाला पदर सावरून बसली. मागे रांग वाढत होती. मास्तरांनी ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून पाहिला. तो जरा गरम लागत होता.